हे चित्र कशाचं?

मुलांनो, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात एक भलतीच गमतीदार इमारत आहे. बाहेरून पाहिलं की वाटतं, कुणीतरी पांढऱ्याशुभ्र वाट्या एकावर एक रचून ठेवल्यात. त्याही उलट्या क्रमानं, खाली लहान आणि वर मोठी! फ्रँक लॉइड राइट नावाच्या वास्तुशिल्पकारानं हिचा आराखडा केला आणि १९५९ साली ती लोकांसाठी खुली झाली. हे आहे गुगनहाइम म्यूझियम. जगातल्या नावाजलेल्या चित्रसंग्रहालयांपैकी एक.

या संग्रहालयात २४ ऑक्टोबर २०१४ पासून ११ फेब्रुवारी २०१५ पर्यंत, म्हणजे साडेतीन महिन्यांहून जास्त काळ, एका भारतीय चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या आयुष्यभराच्या कामातून निवडलेली सुमारे ४५ चित्रं तिथं मांडली होती. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये हेच प्रदर्शन इटलीतल्या व्हेनिस शहरात गेलं. कालव्यांचं शहर म्हणून भूगोलाच्या तासाला तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल.

कोण होता हा चित्रकार? त्याचं नाव वासुदेव संतू गायतोंडे. आडनावावरून ओळखलंत ना? घराणं मूळचं गोव्याचं, जन्म नागपूरचा आणि वाढला मुंबईत, गिरगावातल्या चाळीत!

आता गंमत ऐका. या गायतोंडे यांचं एखादं मोठं चित्र तुमच्यासमोर ठेवलं, तर तुम्ही काय कराल? चित्र आहे पाच-सहा फूट उंच. सगळीकडे पिवळा रंग. कुठे तो पिकलेल्या आंब्यासारखा, कुठे हळदीसारखा, कुठे उन्हासारखा. मध्येच काही गडद ठिपके, काही पुसट आकार. झाड नाही, माणूस नाही, घर नाही, डोंगरही नाही. चित्राखाली नाव शोधायला जाल, तर तिथं लिहिलेलं असणार, ‘शीर्षक नाही’!

मग तुम्ही डोकं खाजवणार आणि विचारणार, “पण हे चित्र कशाचं?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. मोठी माणसंही हाच विचारतात, फक्त हळू आवाजात. याचं उत्तर एका चित्रात सापडत नाही. ते सापडतं चाळीस-पन्नास चित्रं ओळीनं पाहिल्यावर. अशी चित्रं ओळीनं दाखवणारं प्रदर्शन म्हणजे काय, ते आधी पाहू.

सिंह मागे वळून पाहतो

चित्रांची प्रदर्शनं निरनिराळ्या तऱ्हेची असतात. नेहमी भरतं ते नव्या चित्रांचं. चित्रकारानं वर्ष-दोन वर्षांत जे काम केलं, ते तो भिंतीवर मांडतो. लोक येतात, बघतात, कुणी विकतही घेतं.

दुसऱ्या एका तऱ्हेला मराठीत ‘सिंहावलोकनी प्रदर्शन’ म्हणतात. सिंहावलोकन हा शब्द किती छान आहे बघा! सिंह म्हणे चालता चालता मध्येच थांबतो, मान वळवतो आणि आलेली वाट नजरेखालून घालतो. तसंच या प्रदर्शनात चित्रकाराची आलेली वाट पाहायची असते. अगदी शिकाऊ दिवसांतल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत.

याचा फायदा काय? समजा, तुमच्या एका चाचणीचा पेपर कुणी पाहिला. त्यावरून त्याला फार तर त्या दिवसाचे गुण कळतील. पण पहिलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी मांडली तर? कुठे गाडी अडली होती, कुठे एकदम जोर धरला, कुठल्या वर्षी आजारी पडलात, सगळं दिसेल. सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे चित्रकाराची अशी सगळी प्रगतिपुस्तकं. फरक एवढाच, की इथे गुण कुणी देत नाही.

आपल्याला काही न्यूयॉर्कला जाता आलं नाही. हरकत नाही! गायतोंडे यांचा प्रवास क्रमानं माहीत असला, की आपणही मनातल्या मनात एक प्रदर्शन मांडू शकतो. त्याची चार दालनं करू. ही मांडणी आपली हं, गुगनहाइमची नव्हे. चला, तिकीट नाही, रांग नाही, आत शिरू या.

पहिलं दालन : रेषा

२ नोव्हेंबर १९२४ हा गायतोंडे यांचा जन्मदिवस. लहानपणापासून चित्रांचं वेड. घरून मात्र, विशेषतः वडिलांकडून, या वेडाला पाठिंबा नव्हता. त्यांचंही नवल वाटायला नको. त्या काळी मुंबईतल्या साध्या कुटुंबात मुलानं शिकावं, नोकरीला लागावं आणि घराला हातभार लावावा, एवढीच अपेक्षा असे. चित्रं काढून पोट कसं भरणार, हा प्रश्न आजही घराघरांत विचारला जातोच की!

मुलगा हट्टाचा होता. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यानं शिक्षण घेतलं आणि १९४८ साली पदविका मिळवली. ही शाळा १८५७ सालची. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या तिच्या आवारात अजूनही जुनी झाडं उभी आहेत. तिथं जगन्नाथ अहिवासी हे भारतीय लघुचित्रांची पद्धत शिकवत. लघुचित्रं म्हणजे राजस्थानी, पहाडी शैलीतली ती लहान लहान, बारीक कुसरीची चित्रं. त्यांत सावल्या फारशा नसतात. रंग सपाट भरलेले असतात, पण रेषा मात्र अशी सफाईदार, की बोटांचं वळणसुद्धा चुकायचं नाही.

म्हणून आपल्या पहिल्या दालनात काय दिसतं? माणसं, बायका, पक्षी. नाक, डोळे, हात, कपड्यांच्या घड्या. सगळं ओळखू येतं. ‘हे चित्र कशाचं?’ असं विचारायची वेळच येत नाही.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गायतोंडे यांना माणूस काढता येत होता, आणि चांगला येत होता.

दुसरं दालन : रेषा दमते, रंग जागा होतो

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी मुंबईतल्या काही तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप’ स्थापन केला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे हे त्यातले पहिले सहा जण. हुसेन सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवत, तर आरांनी मोटारी धुण्याचं कामही केलेलं. खिशात पैसे नव्हते, पण आपण आपली नवी चित्रं काढायची, कुणाची नक्कल करायची नाही, ही जिद्द होती. १९५० च्या सुमारास गायतोंडे या मंडळींत सामील झाले.

याच काळात त्यांना एक चित्रकार फार आवडू लागला, पॉल क्ले. क्ले स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, आणि १९४० साली वारलाही. म्हणजे दोघांची भेट कधी झालीच नाही. ओळख झाली ती चित्रांतून. क्लेची रेषा लहान मुलासारखी मोकळी फिरते. तुम्हांला ऐकून मजा वाटेल, या क्लेनं आपल्या सगळ्या चित्रांची यादी ठेवली होती आणि त्या यादीत स्वतःच्या बालपणीची काही चित्रंसुद्धा नोंदवली होती! लहानपणीचं काम त्याला टाकाऊ वाटलं नाही.

आपल्या दुसऱ्या दालनातल्या चित्रांत त्यामुळे बदल दिसू लागतो. माणूस आहे, पण त्याचा चेहरा त्रिकोण-चौकोनांनी बनलाय. पक्षी आहे, पण तो उडतोय की नुसता आकार आहे, सांगता येत नाही. पुढच्या चित्रात तर रेषा आणखी कमी. जणू दिवसभर धावून रेषा दमली आणि रंगाला म्हणाली, “आता तू बघ बाबा!”

१९५७ साली टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं गायतोंडे यांना पुरस्कार मिळाला. गिरगावातल्या मुलाचं नाव समुद्रापार पोचलं.

तिसरं दालन : समुद्राकडे पाहणारा माणूस

मुंबईत तेव्हाच्या वॉर्डन रोडवर, समुद्राच्या कडेला, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट नावाची एक जागा होती. तिथं चित्रकारांना काम करायला खोल्या मिळत. एकीकडे नाटकाच्या तालमी, दुसरीकडे पंडित रविशंकर यांच्या संगीतशाळेतली सतार, आणि समोर समुद्र! गायतोंडे यांनाही तिथं जागा मिळाली होती. ते तासन्‌तास समुद्राकडे बघत बसत, असं त्यांना ओळखणारे सांगत.

तुम्ही कधी समुद्राकडे बराच वेळ पाहिलंय? सुरुवातीला लाटा दिसतात, होडी दिसते, पक्षी दिसतात. मग हळूहळू नुसतं पाणी आणि उजेड उरतो. गायतोंडे यांच्या साठ सालानंतरच्या चित्रांत असंच झालं. वस्तू एकेक करून निघून गेल्या. रंग उरला, उजेड उरला. झेन नावाच्या जपानी विचाराची त्यांना ओढ होती. त्यात शांत बसण्याला आणि लक्ष देण्याला फार महत्त्व आहे.

अशा चित्राला आपण अमूर्त चित्र म्हणतो. गायतोंडे यांना तो शब्द फारसा पसंत नव्हता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे ज्यात कुठलीही वस्तू दाखवायची नाही असं चित्र. आता योगायोग बघा. गुगनहाइम म्यूझियम १९३९ साली प्रथम सुरू झालं, तेव्हा त्याचं नावच होतं ‘म्यूझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’!

हे चित्र ते काढायचे कसे? कुंचला त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला. हातात आला रोलर, म्हणजे रंग फिरवायचा रूळ, आणि रंग खरवडायची सुरी. पातळ केलेला तैलरंग रुळानं कॅनव्हासवर पसरायचा. मग सुरीनं थोडा काढून टाकायचा. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे रंगावर दाबून उचलायचे, की तिथं वेगळाच आकार उमटतो. मग थांबायचं. तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागतात. वाळला की पुन्हा दुसरा थर.

दिवाळीला घराची भिंत रंगवतात ना, तेव्हा मागच्या वर्षीचा निळा रंग नव्या पांढऱ्यातून कुठे कुठे डोकावतो. आई म्हणते, “अजून एक हात मारायला हवा.” गायतोंडे मात्र तो डोकावणारा रंगच जपायचे. थरांखालचा रंग वरच्या थरातून बाहेर येतो आणि चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. दिव्याची काच जशी आतून उजळते, तसं.

१९६४ साली त्यांना अमेरिकेची रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला जाऊन आले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीच्या निजामुद्दीन भागात एका छोट्याशा जागेत राहू लागले. ना मोठं घर, ना मोठं नाव मिरवणं. संगीत ऐकायचं, वाचायचं आणि विचार करत बसायचं. वर्षाला चित्रं किती? जेमतेम पाच-सहा! बाकी सगळा वेळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. आपण चित्रकलेच्या एका तासाला दोन चित्रं संपवतो आणि वर बाईंना विचारतो, “आता काय करू?”

चौथं दालन : हात थांबले तेव्हा

१९८४ साली दिल्लीत गायतोंडे यांना अपघात झाला. इजा मोठी होती. पाच-सहा फुटांच्या कॅनव्हाससमोर उभं राहून रूळ फिरवणं शक्य होईना. साठीला आलेला माणूस. काम म्हणजेच ज्याचं आयुष्य, त्याच्यापुढे आता काय?

आपल्या चौथ्या दालनाच्या सुरुवातीला म्हणून मोठी चित्रं नाहीत. तिथं आहेत लहान लहान कागद. १९८५, १९८७ अशी सालं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या काही खुणा. अक्षरं वाटावीत, पण वाचता येत नाहीत. रंग नाही, थर नाहीत. मोठं चित्र काढता येत नाही ना, मग जे जमेल ते काढू.

आणि ओळखलंत का काय झालं? पहिल्या दालनातली रेषा परत आली! इतक्या वर्षांनी, वेगळ्या रूपात. हे एकट्या शाईच्या कागदाकडे बघून कधीच कळलं नसतं. सगळी चित्रं ओळीनं पाहिली म्हणून कळलं.

पुढे काही वर्षांनी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नव्वद सालानंतरचीही त्यांची सुंदर चित्रं आहेत. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. गुगनहाइमचं प्रदर्शन त्यानंतर तेरा वर्षांनी भरलं. एखाद्या संग्रहालयानं भरवलेलं त्यांचं हे पहिलंच सिंहावलोकनी प्रदर्शन. स्वतःची सगळी वाट अशी एका ठिकाणी मांडलेली पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही.

चित्रं गोळा करायची कशी?

हेही एक मोठं काम असतं बरं का! चित्रकार चित्र काढतो, ते कुणीतरी घेतं आणि ते चित्र निघून जातं. एक मुंबईत, एक दिल्लीत, एक परदेशात. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गायतोंडे यांचं १९६२ सालचं एक चित्र आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही विज्ञानसंस्था आहे. तिच्या संग्रहातही त्यांची चित्रं आहेत, कारण डॉ. होमी भाभा यांना विज्ञानाइतकीच चित्रांचीही आवड होती. ते स्वतः चित्रं काढत आणि संस्थेसाठी चांगली चित्रं घेत.

गुगनहाइमच्या प्रदर्शनासाठी संधिनी पोद्दार यांनी ही चित्रं शोधून निवडली. तीसेक संस्था आणि संग्राहक यांच्याकडून ती आणावी लागली. आशिया, युरोप, अमेरिका, तिन्हीकडून! बरं, चित्रांना नावंही नाहीत. ‘आंब्याचं झाड’ नावाचं चित्र शोधणं सोपं, पण ‘शीर्षक नाही’ नावाची चित्रं पाच-पंचवीस असली तर? मग साल बघायचं, माप बघायचं, मागची सही बघायची. गायतोंडे यांच्या काही चित्रांच्या मागच्या बाजूला चक्क देवनागरीत सही आहे.

“हे तर मलाही जमेल!”

अमूर्त चित्र पाहिलं, की कुणी ना कुणी हे म्हणतंच. तुम्हीही मघाशी मनात म्हणाला असाल. रागावणार नाही, पण एक उदाहरण सांगते.

क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू फलंदाज बॅट वर उचलून सोडून देतो. सुनील गावसकर यात पटाईत होते. आता समजा, बॅट कशी धरायची हेही माहीत नसलेला माणूस क्रीजवर उभा राहिला आणि त्यानंही तो चेंडू सोडला. लांबून दोघं सारखेच दिसतील. पण एकानं चेंडू ओळखून सोडलाय आणि दुसऱ्याला तो खेळताच येत नव्हता. फरक कधी कळेल? पूर्ण डाव पाहिला की!

गायतोंडे यांनी माणूस, पक्षी, रेषा हे सगळं येत असून सोडलं. एकेक, सावकाश, वर्षानुवर्षं. सिंहावलोकनी प्रदर्शनात आपल्याला हा पूर्ण डाव पाहायला मिळतो. मग शेवटचं पिवळं चित्र रिकामं वाटत नाही.

काही जण या चित्रांकडे किमतीमुळे पाहू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं आणि वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. त्यातला एकही रुपया गायतोंडे यांना मिळाला नाही. ते तर बारा वर्षांपूर्वीच गेले होते. आणि किंमत कळली म्हणून चित्र कळतं असंही नाही. पिवळा रंग लिलावाच्या आदल्या दिवशी जेवढा सुंदर होता, तेवढाच दुसऱ्या दिवशीही होता.

मग शेवटी, हे चित्र कशाचं? मला विचाराल तर मी उलट विचारीन, गाण्यातला आलाप कशाचा असतो? त्यात शब्द नसतात, गोष्ट नसते, तरी ऐकताना मन कुठेतरी जाऊन येतं. दारातली ठिपक्यांची रांगोळी कशाची असते? चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला संकल्पचित्र काढता, त्यातले आकार कशाचे असतात? तिथं आपण हा प्रश्न विचारत नाही. कारण त्या गोष्टी बघायची, ऐकायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. चित्राचीही सवय होते. फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

आई-बाबांसाठी दोन शब्द

शाळेत मुलांना ‘आवडेल ते चित्र काढा’ म्हटलं, तर काय येतं माहीत आहे? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. नदीचा पत्ता नाही अशा भागातली मुलंही हेच काढतात आणि समुद्राकाठची मुलंही हेच काढतात. कारण या चित्राला कुणी ‘हे काय?’ म्हणून विचारत नाही. शाबासकी पक्की!

पण एखादं मूल सगळा कागद जांभळ्या रंगानं भरतं आणि कोपऱ्यात एकच लाल ठिपका देतं. त्याला आपण मोठी माणसं लगेच विचारतो, “हे रे काय काढलंस?” ते गोंधळतं. काहीतरी सांगायचं म्हणून म्हणतं, “वादळ.” पुढच्या वेळी ते मुकाट्यानं दोन डोंगर काढतं. असं दोन-चार वेळा झालं, की जांभळा कागद कायमचा बंद होतो. आपल्या लक्षातही येत नाही.

म्हणून एक विनंती. ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘हे कसं काढलंस?’ असं विचारून बघा. आधी कुठला रंग लावला, मग काय केलं, इथं बोटानं पुसलंस का? मूल भरभरून बोलेल. त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. सगळी मुलं चित्रकार होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण ज्या मुलाला आपल्या हातच्या कामाबद्दल बोलायची सवय लागते, ते इतर कामातही मागे वळून पाहायला शिकतं. गणित कुठे चुकलं, निबंध कुठे जमला, हे त्याचं त्यालाच दिसू लागतं.

आणि मुंबई-दिल्लीला जाणं झालं, तर राणीची बाग आणि लाल किल्ल्याबरोबर एक तास चित्रांसाठी ठेवा. दिल्लीतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रं आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह ठेवलेला आहे, त्यातही आहेत. सगळी चित्रं सगळ्या वेळी भिंतीवर नसतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. तिथं गेल्यावर मुलांना घाई करू नका. वीस चित्रांसमोरून पळण्यापेक्षा एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलेलं बरं.

करून पाहा

१. एका जाड कागदावर पिवळा जलरंग लावा आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर पातळ लाल रंगाचा हात द्या. रंग ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा त्यावर दाबा आणि अलगद उचला. काय उमटलं? वाळल्यावर आणखी एक थर द्या. शेवटी कुठला रंग डोकावतो ते बघा. (खाली जुना कागद अंथरायला विसरू नका, नाहीतर आईची बोलणी खाल!)

२. खिडकीतून किंवा अंगणातून आकाशाच्या एकाच तुकड्याकडे पाच मिनिटं पाहा. घड्याळ लावून! मग वस्तू न काढता, फक्त तिथले रंग कागदावर उतरवा. ढग नाही, पक्षी नाही, सूर्य नाही. नुसते रंग.

३. आपलं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवा. घरात, माळ्यावर, जुन्या वह्यांत तुमची बालवाडीपासूनची जी जी चित्रं सापडतील ती गोळा करा. आजी-आजोबांकडे हमखास एखादं जपून ठेवलेलं असतं. ती वर्षांच्या क्रमानं जमिनीवर मांडा. कुठे काय बदललं ते घरच्यांना दाखवा. आणि आज जे चित्र काढाल, त्याच्या मागे आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवा. देवनागरीत लिहिलंत तर उत्तमच!